ब्रेक मऊ लागला तर गाडी हलवायची नाही
ब्रेकची हवा काढणे म्हणजे काय, ते समजून घेऊ या



या वेळी बचतीवर किंवा बँकेच्या कागदांवर लिहीत नाही. गाडीच्या ब्रेकवर लिहिते आहे. "हे ड्रायव्हरचं काम, आम्हाला कशाला?" असं वाटेल. पण आता आपल्या गटांकडे गाड्या आल्या आहेत. २०१७ पासून आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना सुरू झाली आणि गटातल्या बाईला प्रवासी गाडी घ्यायला बिनव्याजी कर्ज मिळू लागलं. कुणी बँकेचं कर्ज काढून टेम्पो, पिकअप घेतली. गाडीचा हप्ता आपण भरतो, डिझेलचा हिशोब आपण ठेवतो, गाडीत बसतोही आपणच. मग त्या गाडीचा ब्रेक कसा लागतो हे आपल्याला माहीत नको का?

मागच्या दसऱ्याला काय झालं ते आधी सांगते. त्यात माझीही चूक आहे, ती लपवत नाही.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी आपल्या एका गटाचा झेंडू घेऊन आम्ही दादरला निघालो. पिकअपमध्ये ड्रायव्हरदादा, गटाच्या अध्यक्ष ताई आणि मी. मागे झेंडूची पोती. रात्री कसारा घाट उतरताना माझ्या लक्षात आलं, दादा ब्रेक एकदा दाबत नव्हते. दोनदा, कधी तीनदा पटपट मारायचे, मग गाडी धरायची. मी विचारलं तर म्हणाले, "दोन पंप मारले की लागतो. रोजचंच आहे."

मी गप्प बसले. वास्तविक मी परळच्या चाळीत वाढलेली, टॅक्सीवाल्याची मुलगी. दोन पंपांचा अर्थ मला ठाऊक होता. पण दादा वयाने मोठे, मी नवी, त्यात बाई. उगाच शहाणपणा नको म्हणून बोलले नाही. तो सगळा घाट आम्ही तसाच उतरलो. मागे माल, पुढे ट्रक, आणि पायाखाली मऊ ब्रेक.

पहाटे दादर पश्चिमेच्या मीनाताई ठाकरे फूल मंडईपाशी पोती उतरवली. पैसे मोजून झाल्यावर अध्यक्ष ताईंनीच विषय काढला. "पोरी, तू घाटात दरवाजाची कडी घट्ट धरून बसली होतीस. का गं?" तेव्हा मी सांगितलं. ताई लगेच म्हणाल्या, "मग आता गाडी हलवायची नाही. आधी दाखवायची." जे मी रात्री बोलायला हवं होतं, ते ताई सकाळी बोलल्या.

मी बाबांना फोन केला. दादरहून परळ जवळ, रस्ता सपाट. बाबा स्वतः आले, पहाटेच्या मोकळ्या रस्त्याने, पहिल्या गियरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून गाडी हळूहळू आमच्या चाळीच्या आवारात आणली. खरं तर तेवढंही चालवायला नको होतं. टोचन करून आणणं हेच बरोबर. नंतर बाबांनीही ते कबूल केलं.

ब्रेकच्या आत काय असतं?

आधी रचना समजून घेऊ. गाडीच्या ब्रेकच्या पॅडलपासून चाकापर्यंत तार नसते. हँडब्रेकला सहसा तार असते. पायाच्या ब्रेकला बारीक नळ्या असतात आणि त्या नळ्यांत ब्रेक ऑइल भरलेलं असतं. पॅडल दाबलं की पुढे असलेला मास्टर सिलिंडर ते ऑइल ढकलतो. ढकललेला दाब नळीतून चारही चाकांपर्यंत एकदम पोचतो. चाकापाशी छोटे सिलिंडर असतात. ते ब्रेकचे शू किंवा पॅड दाबतात, चाकाला घासण बसते आणि गाडी थांबते.

हे सगळं एका गोष्टीवर चालतं: पातळ पदार्थ दाबला तरी आक्रसत नाही. हवा आक्रसते.

गटाच्या बैठकीत हा प्रयोग करून बघा. औषधाच्या दुकानातून एक नवी सिरिंज आणा, सुई नको. तिच्यात पाणी भरा, टोकाला बोट घट्ट लावा आणि दट्ट्या दाबा. दबत नाही. आता पाणी काढून नुसती हवा भरा आणि परत दाबा. दट्ट्या अर्ध्यापर्यंत आत जातो, सोडला की मागे येतो. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की हेच होतं. पायाचा जोर चाकापर्यंत जायच्या ऐवजी हवा दाबण्यात खर्च होतो. पॅडल मऊ लागतं, खाली जातं. दोन-तीनदा मारलं की थोडं वर येतं, म्हणून ड्रायव्हर म्हणतात, "पंप मारला की लागतो."

बाबा एवढंच म्हणतात, "पहिल्या दाबाला लागतो तो ब्रेक. दुसऱ्या दाबाची वाट बघायला समोरचा माणूस थांबत नाही."

हवा शिरते कुठून?

साधारण तीन वाटा आहेत.

पहिली, ऑइल कमी होणं. बॉनेट उघडलं की मास्टर सिलिंडरवर पांढुरकी छोटी टाकी दिसते. तिच्यावर वरची आणि खालची अशा दोन खुणा असतात. ऑइल फारच खाली गेलं की मास्टर सिलिंडर ऑइलऐवजी हवा ओढतो. शू आणि पॅड झिजले तरी पातळी थोडी उतरते. पण भराभर उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे.

दुसरी, दुरुस्ती. नळी सोडली किंवा चाकाचा सिलिंडर बदलला की हवा आत जाणारच. ती नंतर पूर्ण काढावी लागते. आपल्या पिकअपचं तेच झालं होतं. आठवड्यापूर्वी एका गॅरेजमध्ये मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर बदलला होता. घाईत हवा अर्धीच काढली होती. बिल आपल्या फाइलला लागलं होतं, पण "हवा काढली का, ब्रेक दाबून दाखवा" असं विचारायला आपल्यापैकी कुणी तिथं उभं नव्हतं.

तिसरी वाट दिसत नाही, ती पाण्याची. पावसाळ्यात डब्यातलं मीठ कसं ओलं होतं? मीठ हवेतला ओलावा ओढतं. नेहमीचं ब्रेक ऑइलही तसंच आहे. नाव ऑइल असलं तरी ते तेल नव्हे. ते हवेतला ओलावा शोषतं आणि वर्षागणिक त्यात पाणी वाढत जातं. इगतपुरीचा पाऊस आणि मुंबईची दमट हवा दोन्ही खाणाऱ्या गाडीत तर ते व्हायचंच.

पाणी असलं तर घाटात काय होतं?

दोन्ही तळवे जोरात घासून बघा, गरम होतात. ब्रेकही घासूनच गाडी थांबवतो. घाटात सारखा ब्रेक दाबून ठेवला की चाकापाशी भयंकर उष्णता तयार होते. कसाऱ्यात ट्रकमागून जो जळका वास येतो, तो याचाच.

ती उष्णता ऑइलपर्यंत पोचते. बाटलीवर डॉट ३ किंवा डॉट ४ असं लिहिलेलं असतं. हा ऑइलचा दर्जा. नवं कोरडं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच हद्द डॉट ३ साठी १४० आणि डॉट ४ साठी १५५ अंशांवर येते. म्हणजे जुनं ऑइल फार लवकर उकळतं. उकळलं की वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. सपाट रस्त्यावर ठीक चालणारा ब्रेक घाटाच्या मध्यावर एकदम खाली जातो तो असा. खाली थांबून गाडी गार झाली की ब्रेक परत लागतो आणि सगळे म्हणतात, "काही नाही, ठीक आहे." ठीक नसतं.

म्हणून दोन गोष्टी पाळायच्या. एक, घाट उतरताना गाडी खालच्या गियरमध्ये ठेवायची, म्हणजे इंजिनच गाडीला धरतं. न्यूट्रलमध्ये टाकून डिझेल वाचवायचं नाही. दोन, ब्रेक ऑइल ठरल्या वेळी बदलायचं. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात साधारण दोन वर्षांची मुदत दिलेली असते. आपल्या गाडीचं पुस्तक बघा.

परळच्या आवारात आम्ही काय केलं

माझ्या लहानपणी बाबांची प्रीमियर पद्मिनी होती, काळी-पिवळी. चारही चाकांना ड्रम ब्रेक. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. त्या गाडीच्या ब्रेकची हवा बाबा घरीच काढायचे आणि पॅडलवर बसायचं काम माझं. दसऱ्याच्या त्या सकाळी पॅडलवर अध्यक्ष ताई बसल्या आणि चाकापाशी मी. बाबा बाजूला उभे राहून सांगत होते.

आधी त्यांनी पूर्ण गाडी फिरून गळती बघितली. चाकांच्या आतल्या बाजूला ओल नाही, नळीच्या सांध्यांना ओल नाही. गळती असती तर नुसती हवा काढून उपयोग नव्हता. गाडी गॅरेजलाच गेली असती.

तयारी अशी केली:

१. गाडी सपाट जागेवर. इंजिन बंद, चावी बाबांच्या खिशात, गाडी पहिल्या गियरमध्ये. चाकांना पुढून-मागून दगड. पिकअप उंच असल्यामुळे चाक न काढता निप्पलपर्यंत हात पोचला, म्हणून जॅक लावलाच नाही. जॅक लावावा लागला तर खाली मजबूत स्टँड हवाच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात-पाय घालायचे नाहीत.

२. सामान: सीलबंद ब्रेक ऑइल, निप्पलला बरोबर बसणारा रिंग पाना, हातभर पारदर्शक नळी, एक रिकामी पारदर्शक बाटली, फडकी, पाण्याची बादली. हातात मोजे, डोळ्यांना चष्मा. ऑइल डोळ्यांत गेलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवायचं आणि डॉक्टरकडे जायचं. रंगावर पडलं तर रंग निघतो, लगेच पाणी ओतायचं.

३. टाकीचं झाकण उघडण्याआधी पुसून घेतलं, नाहीतर धूळ आत पडते. टाकीतलं काळपट ऑइल सिरिंजने काढलं आणि नवं वरच्या खुणेपर्यंत भरलं.

४. बंद इंजिनवर ताईंनी पॅडल पाच-सहा वेळा दाबलं, म्हणजे ब्रेकला मदत करणारी आतली ओढ संपते आणि पॅडल खरं कसं आहे ते कळतं. पॅडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवला. जुन्या मास्टर सिलिंडरचं पॅडल तळाला टेकेपर्यंत दाबलं तर आतले रबर फाटू शकतात.

मग चाकांचा क्रम. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक पहिलं. आपल्याकडे स्टीअरिंग उजवीकडे, म्हणून साधारण मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. पण काही गाड्यांच्या पुस्तकात वेगळा क्रम दिलेला असतो, तेव्हा पुस्तकाचं ऐकायचं. मालवाहू गाड्यांत मागे वजनाप्रमाणे ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्हही असतो. त्याची पद्धत पुस्तकात बघायची.

दाब, धरलंय, सोड

प्रत्येक चाकाच्या ब्रेकमागे एक छोटा निप्पल असतो, वर रबरी टोपी. टोपी काढून निप्पल पुसला. आधी रिंग पाना चढवला, मग नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीत, थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडवून. टोक बुडालेलं असेल तर हवा परत आत जात नाही आणि बुडबुडे दिसतात.

आता खरं काम. ते दोघींचं आहे आणि आवाज देऊन करायचं आहे.

मी म्हणते, "दाब." ताई पॅडल हळू दाबतात आणि दाबूनच ठेवतात.
ताई म्हणतात, "धरलंय."
मी निप्पल पाव ते अर्धा फेरा सैल करते. ऑइल आणि बुडबुडे नळीतून बाटलीत येतात. ताईंचा पाय खाली जातो, पण ताई पाय उचलत नाहीत.
मी निप्पल बंद करते आणि मगच म्हणते, "सोड."
ताई पाय हळूहळू उचलतात.

आणि परत, "दाब."

सगळी मेख "सोड" या शब्दात आहे. निप्पल उघडा असताना पॅडलवरचा पाय उचलला की पॅडल वर येताना हवा आत ओढतं. म्हणजे जी काढायला बसलो तीच परत भरली. म्हणून चाकापाशी असलेल्या बाईने सांगितल्याशिवाय पॅडलवरच्या बाईने पाय उचलायचा नाही. पहिल्या वेळी ताईंनी चुकून पाय उचलला. बाबा म्हणाले, "काही हरकत नाही, पहिल्यापासून." दुसऱ्यांदा चूक झाली नाही.

मागच्या डाव्या चाकातून इतके बुडबुडे आले की ड्रायव्हरदादा स्वतः खाली वाकून बघायला लागले. "एवढी हवा होती?" म्हणाले. कुणी त्यांना काही बोललं नाही. त्यानंतर टाकीवर लक्ष ठेवायचं काम त्यांनीच घेतलं. ते काम महत्त्वाचं आहे. दर पाच-सहा दाबांनंतर टाकी बघायची आणि नवं ऑइल भरायचं. पातळी खालच्या खुणेखाली जाऊ द्यायची नाही. टाकी रिकामी झाली तर हवा थेट मास्टर सिलिंडरमध्ये शिरते आणि सगळी मेहनत वाया.

नळीतून स्वच्छ नवं ऑइल, एकही बुडबुडा नाही, असं झालं की निप्पल घट्ट करायचा. पण अंगातलं सगळं बळ लावून नाही. तो नाजूक असतो, मोडतो. टोपी परत लावायची आणि पुढच्या चाकाला जायचं. बाटलीत निघालेलं ऑइल परत टाकीत कधीच घालायचं नाही.

काम झालं हे कसं ओळखायचं?

चारही चाकं झाल्यावर टाकी वरच्या खुणेपर्यंत भरली, झाकण लावलं. ताईंनी बंद इंजिनवर पॅडल दाबलं. कडक. एक मिनिटभर जोर लावून धरलं, खाली सरकलं नाही. मग इंजिन चालू केलं. त्या वेळी पॅडल थोडंसं खाली जातं, ते बरोबर आहे. पण तळाला जाता कामा नये. प्रत्येक निप्पलला कोरडा कागद लावून बघितला, ओल नाही.

मग आवारातच, चालण्याच्या वेगाने गाडी पुढे घेऊन ब्रेक लावला. असं आठ-दहा वेळा. पहिल्याच दाबाला गाडी जागेवर उभी. तेव्हा कुठे आम्ही रस्त्यावर निघालो.

हे घरी कधी करायचं नाही?

हे नीट लक्षात ठेवा. गाडीला एबीएस असेल आणि त्याच्या यंत्रात हवा गेली असेल, तर ती काढायला कंपनीचं मशीन लागतं. २०१९ पासूनच्या नव्या मोटारींत एबीएस असतंच. ब्रेकचा दिवा लागत असेल, गळती असेल, हवा काढूनही पॅडल मऊच असेल किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, तर गाडी उभी करून जाणकार मेकॅनिकला बोलवा. मोठ्या ट्रक-बसचे ब्रेक हवेवर चालतात, ती रचनाच वेगळी. आणि आयुष्यात पहिल्यांदा करत असाल तर ज्याने हे केलं आहे असा माणूस शेजारी हवाच. माझ्या शेजारी बाबा होते, म्हणून मी पाना हातात घेतला.

पण स्वतः पाना धरला नाही तरी हे माहीत असण्याचा उपयोग आहे. गॅरेजमध्ये उभं राहून तुम्ही विचारू शकता: कुठल्या चाकापासून सुरुवात केली? ऑइल कुठलं घातलं? सील माझ्यासमोर फोडलं का? पॅडल मला दाबून बघू द्या. पॅडल कडक आहे की मऊ, हे कळायला लायसन्स लागत नाही.

ऑइल घेताना

बाबा टॅक्सीचे पार्ट गिरगावच्या टोकाला, ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून आणायचे. मला सोबत न्यायचे आणि तीन गोष्टी बघायला लावायचे. टाकीच्या झाकणावर जो डॉट लिहिला आहे तोच बाटलीवर आहे का. सील शाबूत आहे का. तारीख काय आहे. उघडून ठेवलेली बाटली स्वस्तात मिळाली तरी घ्यायची नाही, तिने ओलावा ओढलेला असतो. डॉट ५ हे वेगळं, सिलिकॉनचं ऑइल आहे. ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही.

इंजिन ऑइल, जॅकचं ऑइल, गोडं तेल किंवा पाणी ब्रेकमध्ये कधीही घालायचं नाही. इंजिन ऑइलने आतले रबर फुगतात आणि सगळा ब्रेक निकामी होतो. "वेळ मारून न्यायला थोडं ओतलं" असं कुणी सांगितलं, तर ती गाडी तिथंच उभी.

जुनं ऑइल विषारी असतं. ते ओढ्यात, विहिरीजवळ, गटारात ओतू नका. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका, मुलं पितील. झाकणबंद डब्यात, वर नाव लिहून, गॅरेजला द्या.

रस्त्यातच ब्रेक खाली गेला तर

घाबरून चावी काढू नका, स्टीअरिंग अडकतं. पॅडल भराभर मारा, थोडा दाब मिळू शकतो. एकेक गियर खाली घ्या. हँडब्रेक एकदम खेचू नका, बटण दाबून धरून हळूहळू ओढा. हॉर्न आणि दिवे चालू ठेवा. चढाची बाजू किंवा रस्त्याकडेची मोकळी जागा बघून गाडी थांबवा. आणि थांबल्यावर, ब्रेक परत लागला तरी, पुढे जाऊ नका.

आपल्या गटाने काय ठरवायचं?

त्या गटाने पुढच्याच बैठकीत ठराव केला. तुम्हीही करू शकता.

गाडीच्या वहीत ब्रेकचं एक पान ठेवायचं: तारीख, किलोमीटर, ऑइल कुठलं, काम कुणी केलं, पुढची तारीख.

गाडी निघण्यापूर्वी तीन गोष्टी: टाकीची पातळी, चाकांच्या आतल्या बाजूला ओल, आणि पॅडल पहिल्या दाबाला कडक. दोन मिनिटांचं काम.

मालाच्या गाडीत मागे पोत्यांवर बसून कुणी प्रवास करायचा नाही.

आणि चौथी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गाडीतल्या कुणालाही ब्रेकची शंका आली, मग ती सगळ्यात लहान सदस्य का असेना, तिने "थांबा" म्हटलं की गाडी थांबेल. ड्रायव्हरदादांनी त्याचा राग मानायचा नाही. तसं त्यांच्याशी आधीच बोलून ठेवायचं. आपल्या दादांनी त्या ठरावाखाली स्वतः सही केली आहे.

उशीर झाला तर झेंडूला दोन पैसे कमी मिळतील. तेवढं नुकसान गट सोसू शकतो. त्या रात्री मी गप्प बसले आणि आमचं नशीब चांगलं म्हणून आम्ही खाली पोचलो. पुढच्या वेळी मी बोलणार आहे. तुम्हीही बोला.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत सिरिंजचा प्रयोग आपण सगळ्या मिळून करू. गाडी असलेल्या गटांनी गाडीचं पुस्तक आणि वही सोबत आणावी.

तुमची,
क्षेत्र समन्वयक